वजन, वारा आणि मावशी

पेट्रोलची मोटर बाळगणारा माणूस भावावर बोलतो. विजेची मोटर बाळगणारा टक्क्यांवर. बॅटरीत किती टक्के उरले, हा त्याचा अष्टौप्रहर जप. असा माणूस हळूहळू घरातल्या मंडळींकडे माणसं म्हणून पाहीनासा होतो. किलो म्हणून पाहू लागतो.

मी पडलो बँकेतला कारकून. पदार्थविज्ञान आमच्या बी. कॉम.ला नव्हतं, पण जमाखर्च कळतो. गाडी वीज खाते ती मुख्यतः दोन खात्यांवर, वजन आणि वारा. पैकी वजन ही ठेव आहे. घाट चढताना भरलेली वीज उतरताना बरीचशी परत मिळते, कारण तेव्हा मोटरच जनित्र होते. मुदतीआधी मोडलेल्या ठेवीसारखी थोडी कपात होते, इतकंच. वारा मात्र बुडीत खातं! त्याला दिलेलं परत येत नाही. शिवाय तो वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले, की वेग सव्वापट आणि वाऱ्याचा विरोध दीडपटीहून जास्त. मर्सिडीजवाल्यांनी २०२२ साली एक प्रायोगिक गाडी एका चार्जिंगमध्ये १००० किलोमीटरच्या वर पळवली, ती काही उगीच निमुळती केलेली नव्हती.

हे सारं मला शिकावं लागलं ते मेहुण्यामुळे. पुण्याला निघताना श्रीकांताने मावशींना वगळलं. "भावोजी, आधीच बॅटरीचं ओझं, त्यात घाट! पुढच्या खेपेला नेऊ." मावशी ७८ वर्षांच्या, पुण्यात त्यांची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. या वयात पुढची खेप कोणी पाहिली आहे?

मी कागद घेतला. मावशी ६० किलो. लोणावळ्यापर्यंतची चढण सुमारे ६०० मीटर. त्यांना तेवढं उचलायला वीज लागते एका युनिटाचा दहावा भाग! टायरांचं घर्षण आणि बाकीची घट धरली, तरी मुंबई-पुणे मावशी अर्ध्या युनिटात बसतात. आणि टपावर? कॅरिअर, दोन गाद्या, एक घडीची खाट! "ते हलकं आहे," श्रीकांत म्हणाला. असेल, पण वाऱ्याकडे तराजू नसतो, त्याला फक्त आडवं आलेलं अंग दिसतं. त्या गाद्या वाऱ्याला जेवढं चारतील, तेवढ्यात मावशी दोनचारदा पुण्याला पोचतील.

श्रीकांताने बेरीज दोनदा तपासली. गाद्या उतरल्या, मावशी चढल्या.

तेव्हा वाचकहो, टप मोकळा ठेवा, वेग आवरा आणि गाडीत माणसं भरा. माणसांचं ओझं बरंचसं परत मिळतं.