कानात बटण असलेली खेळणी

जर्मनीतील उल्म शहराहून आलेनकडे जाणारी रेल्वे ब्रेन्झ नदीच्या खोऱ्यातून जाते. तिच्यावरच गिंगेन हे लहानसे गाव लागते. जुन्या कापडी बाहुल्या जमवणारे लोक जगभरातून येथे येतात. आम्हीही गेलो, पण आमच्यासोबत सात वर्षांची मुलगी होती, आणि तिला बाहुल्या जमवायच्या नव्हत्या, खेळायच्या होत्या.

मार्गारेटे श्टाइफ यांचा जन्म 1847 साली याच गावात झाला. दीड वर्षाच्या असताना त्यांना पोलिओ झाला. पाय निकामी झाले, उजवा हातही दुबळा राहिला. तरी त्या शिवण शिकल्या आणि त्यावरच पोट भरू लागल्या. 1880 साली त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचा एक छोटा हत्ती शिवला. मुलांनी तो खेळायलाच घेतला! तेथून कारखाना वाढला. 1902 मध्ये त्यांचा भाचा रिचर्ड याने हातपाय हलणारे अस्वल तयार केले आणि पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने तशी तीन हजार अस्वले मागवली. नक्कल करणारे वाढले, म्हणून 1904 पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूचे बटण बसू लागले.

2005 साली उघडलेल्या येथील संग्रहालयात हा सगळा इतिहास पाहता येतो. पण आमचे पाय अडकले ते कार्टूनच्या पात्रांपाशी. 1930 च्या दशकात या कंपनीने मखमली मिकी माऊस बनवला. आपल्याकडे मिकी सर्वांना ठाऊक आहे. मेकी मात्र कोणाला माहीत नसेल. मेकी म्हणजे साळिंदरासारखे काटे असलेला हेजहॉग. डील बंधूंच्या बाहुलीपटातून तो आला, 1949 पासून 'ह्योर त्सू' या रेडिओ साप्ताहिकात झळकला आणि 1951 पासून बाहुली झाला. ठिगळांची विजार, ताठ केस, सोबत बायको मिकी आणि मुले माकी व मुकी. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात हे गरीब, हसतमुख कुटुंब लोकांना आपले वाटले. त्याची चित्रे पोस्टकार्डांवर आली. आखूड ताठ केस कापण्याच्या पद्धतीलाही त्याचे नाव पडले.

आज अशी बाहुली विकत घेताना संग्राहक आधी कान पाहतो. बटण आहे का? बटणाखालची कापडी पट्टी शाबूत आहे का? मेकीचे रबरी तोंड तडकले तर नाही ना? म्हणजे जिला कोणत्याही मुलाने कधी कुशीत घेतले नाही, ती बाहुली सर्वांत महाग. काचेच्या कपाटात नव्या कोऱ्या बाहुल्या ठेवून त्यांवर हजारो युरो खर्च करणे आम्हाला तरी इसराफ वाटते. ज्यांचा छंद आहे त्यांना हे पटणार नाही.

घरात बाहुली असावी की नाही, यावर आमच्याकडे वडीलधाऱ्यांचे मत कडक आहे आणि उलेमांतही मतभेद आहेत. पण हजरत आयेशा (रजि.) यांच्या खेळण्यांची हदीस आम्हाला गिंगेनमध्ये वारंवार आठवली. त्यांच्या बाहुल्यांत चिंध्यांचे पंख असलेला घोडा होता. पैगंबर (स.) यांनी विचारले, घोड्याला पंख असतात का? हजरत सुलेमान (अ.) यांच्या घोड्यांना पंख होते, असे उत्तर मिळाले, आणि आप (स.) मनापासून हसले. ती खेळणी मुलीच्या हातातली होती, कपाटातली नव्हती.

परतीच्या वाटेवर एका जुन्या बाजारात मेकी मिळाला. गालाला तडा, एक बूट गायब, बटण कधीच उपटलेले. विक्रेत्याने स्वतःहूनच किंमत उतरवली. मुलीने कान चाचपून पाहिला, तेथे नुसते एक भोक होते. "हे कोणी काढलं असेल?" असे ती गाडीत बराच वेळ विचारत होती. आता मेकी तिच्या अंथरुणात असतो. नमाजच्या खोलीत त्याला न्यायचे नाही, एवढे दादीने बजावले आहे आणि ते ती पाळते.