आबांचा आवाज मी पुसला

ट्रॅक्टर पुलिंगचा खेळ मराठी माणसाला सांगायचा तर सुरुवात उसाच्या हंगामापासून करावी लागते. दोन ट्रॉल्या भरून कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड उचलतं आणि पुढची चाकं रस्ता सोडतात. सांगली जिल्ह्यात वाढल्यामुळे हे मी लहानपणापासून पाहत आलो. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या शेतकऱ्यांनी याच ताकदीचा खेळ केला. 1929 साली ओहायोतलं व्हॉनस्व्हिल आणि मिझुरीतलं बोलिंग ग्रीन या गावांत पहिल्या शर्यती झाल्या असं मानतात. पुढे 1969 मध्ये नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन निघाली. ओहायोतही एक बोलिंग ग्रीन आहे, आणि तिथल्या वुड काउंटीच्या जत्रेच्या मैदानावर 1967 पासून ऑगस्टमध्ये राष्ट्रीय स्पर्धा भरते. नोकरीमुळे मी त्याच भागात येऊन पडलो आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या संघात शिरलो.

त्या संघातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला मी आबा म्हणायचो आणि ते ओ द्यायचे. त्यांचं खरं नाव इथे लिहीत नाही.

खेळ असा. ट्रॅक्टरमागे एक लांबलचक स्लेड जोडतात. तिच्यावर वजनांनी भरलेली पेटी असते. सुरुवातीला ती स्लेडच्या मागच्या चाकांवर असते, म्हणून ओझं हलकं वाटतं. ट्रॅक्टर पुढे जाईल तशी पेटी रुळावरून पुढे सरकते, स्लेडचं पुढचं सपाट लोखंडी बूड मातीत दाबलं जातं आणि ओढ वाढत जाते. ही सरकती पेटी येण्याआधी वाटेवर दोन्ही बाजूंना माणसं उभी असायची आणि स्लेड जवळून गेली की एकेक जण तिच्यावर चढायचा. पूर्वी 300 फूट अंतर म्हणजे ‘फुल पुल’. हल्ली बऱ्याच ठिकाणी 320 धरतात. आमचा ट्रॅक्टर सुपर फार्म गटातला, वजनाची मर्यादा 9,300 पौंड. हिच, म्हणजे स्लेड अडकवायची जागा, जमिनीपासून 20 इंचांच्या वर चालत नाही. एवढ्या चौकटीत जे काही करायचं ते वजनं कुठे टांगायची, टायरात हवा किती ठेवायची आणि क्लच कसा सोडायचा यात.

यातली पहिली दोन कामं आबांची. ट्रॅक्टर ट्रेलरवरून उतरायच्या आधी ते वाटेच्या कडेला बसायचे, चिकणमातीचा गोळा मुठीत दाबायचे, अंगठ्यानं फोडायचे. गोळा तुकडे होऊन पडला की एक निर्णय, अंगठ्याला चिकटून लांबला की दुसरा. मग पुढच्या ब्रॅकेटवरची वजनं हलायची. पुढची चाकं जमिनीपासून जेमतेम वर राहावीत हे त्यांचं उद्दिष्ट. फार उचलली तर सुकाणू जातं, अजिबात नाही उचलली तर मागच्या टायरांवर पुरेसा भार येत नाही.

मी इंजिनियर. संघात आल्यावर मी ट्रॅक्टरवर डेटा लॉगर बसवला. इंजिनाचे फेरे, चाकांचा वेग, टर्बोचा दाब, धुराचं तापमान, सगळं लॅपटॉपवर येऊ लागलं. चाकं किती घसरली हे प्रत्येक क्षणाला दिसू लागलं, आणि इथे माझी पहिली चूक झाली. आबांच्या मुठीपेक्षा माझा आलेख खरा, असं मी धरून बसलो. एका काउंटीच्या जत्रेत मागच्या आठवड्याचे आकडे पुढे करून मी वजनं पुढे हलवायला लावली. आबा एवढंच म्हणाले, की ही माती मागच्या आठवड्याची नाही. ट्रॅक्टर अर्ध्याच्या थोडा पुढे जाऊन जागेवर खणत बसला. परतीच्या वाटेवर त्यांनी तो विषय काढला नाही. आलेख चुकीचा नव्हता, तो दुसऱ्या वाटेचा होता. पण हे मी तेव्हा मोकळेपणानं बोललो नाही.

पुढे एक चांगलं काम मी केलं. प्रत्येक धावेनंतर फोन त्यांच्यासमोर धरू लागलो आणि ते जे बोलतील ते रेकॉर्ड करू लागलो. माती कशी होती, डाव्या टायरनं काय केलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. मागे स्लेडचं इंजिन घरघरत असायचं. ती रेकॉर्डिंग मी घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचो. लिहून मात्र घेतली नाहीत. लिहिताना फक्त आकडे घेतले: हवा, वजनं, अंतर. बाकीचं नंतर ऐकू म्हणून ठेवलं.

दुसरी चूक सांगणं अवघड आहे, तरी सांगतो. बोलिंग ग्रीनच्या आधीचे दिवस होते, कडक उन्हाळा. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये आम्ही दोघेच होतो. क्लच उघडलेला होता. आबा मध्येच खुर्चीवर बसले, शर्ट घामानं भिजलेला, आणि जबडा चोळत म्हणाले, दात पुन्हा त्रास देतोय, डॉक्टरकडे जायला हवं. मी लॅपटॉपवरून मान वर केली, घरी जा आणि झोपा म्हणालो, उरलेलं मी बघतो. त्यांना गाडीपर्यंत सोडायलाही उठलो नाही. घाम उकाड्याचा आणि दुखणं दाताचं, असा हिशेब मी मनात लावून टाकला होता. रात्रीत त्यांचं हृदय बंद पडलं.

हृदयविकाराच्या झटक्यात दुखणं छातीतच असतं असं नाही. ते जबड्यात, मानेत, खांद्यात, हातात येतं, आणि सोबत घाम सुटतो, मळमळतं, धाप लागते. हे मी त्याआधीही कुठेतरी वाचलं होतं. ऑफिसच्या एका शिबिरात ऐकलंही होतं. तेव्हा उठलो असतो तर ते वाचले असतेच असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही. पण उठायला हवं होतं. हे मला कुणी सांगावं लागत नाही.

संघानं त्या वर्षी पुढे ट्रॅक्टर बाहेर काढला नाही.

अंत्यविधीनंतर आबांच्या मुलीनं विचारलं, वडिलांचा आवाज तुझ्याकडे आहे ना? मी म्हणालो, सगळा आहे, नीट लावून देतो. आणि नीट लावण्याच्या नादात मी कॉम्प्युटरच नव्यानं बांधायला घेतला. कारण अगदी खोटं नव्हतं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा आधार संपत होता आणि माझा जुना प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नव्हता. पण खरं सांगायचं तर मला हाताला काम हवं होतं. ते आवाज ऐकायला बसण्याची हिंमत नव्हती.

नवा मदरबोर्ड, नवा प्रोसेसर, डीडीआर5 मेमरी. पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळा. प्रोसेसरला वीज देणारी 8 पिनांची वायर लावायचीच राहिली होती. ती लावली, पुन्हा काळा पडदा. या बोर्डांवर पहिल्या वेळी मेमरीची जुळणी व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर नुसतं थांबायचं असतं. मला धीर नव्हता. मी मधेच वीज तोडली, मेमरीच्या पट्ट्या काढल्या, घातल्या, पुन्हा तोडली. मध्यरात्र उलटून गेली तेव्हा कुठे पडद्यावर काही उमटलं. त्याच वेळी बंद करून झोपायला हवं होतं.

जुन्या मशीनमध्ये दोन एसएसडी होत्या, दोन्ही 1 टीबीच्या. एकीवर विंडोज, दुसरीवर फोटो, लॉगरच्या फायली आणि आबांची रेकॉर्डिंग. पहिली पुसून तिच्यावर नवं विंडोज टाकायचं ठरवलं होतं. दोन्ही नव्या बोर्डावर लावल्या आणि विंडोजचा इन्स्टॉलर सुरू केला. तिथे डिस्कचं नाव येत नाही, कंपनी येत नाही. डिस्क 0 आणि डिस्क 1, समोर आकार: 931.5 जीबी, 931.5 जीबी. कंपनी दशमान पद्धतीनं 1 टीबी मोजते, विंडोज 1024 च्या पटीत, म्हणून आकडा 931 चा होतो. जुन्या बोर्डावर विंडोजची डिस्क 0 होती, नव्यावर खाचा वेगळ्या, क्रम उलटा. दुसरी डिस्क एके काळी दुसऱ्या मशीनवर विंडोजसाठी वापरलेली, त्यामुळे तिच्यावरही तेच छोटे छोटे भाग शिल्लक होते. तिसरी चूक इथे झाली: मी वाचलं ते फक्त शून्य. भाग निवडला, डिलीट केला, सावधगिरीची पाटी आली तिला हो म्हटलं, आणि इन्स्टॉल चालू केलं.

सकाळी नवं विंडोज उघडलं, फाइल एक्सप्लोररमध्ये गेलो, तर जुनं विंडोज दुसऱ्या डिस्कवर जसंच्या तसं बसलेलं.

फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर अशी चूक झाली तर आशा असते. जागा मोकळी झाल्याची नोंद होते, पण तिच्यावर नवं काही लिहीपर्यंत जुनी अक्षरं तिथेच असतात, फोटोरेकसारखी साधनं ती खणून काढतात. एसएसडीचं तसं नाही. जागा मोकळी झाली की विंडोज डिस्कला ‘ट्रिम’चा हुकूम देतं, आणि डिस्क ते कप्पे पुढच्या लिखाणासाठी मोकळे करून टाकते. फॉरमॅट करताना हा हुकूम सगळ्या भागाला एकदमच जातो. डेटा परत काढून देणाऱ्या एका दुकानात मी ती डिस्क घेऊन गेलो. त्या माणसानं मशीनला लावली, थोडा वेळ पाहिलं आणि पैसे न घेता परत दिली.

बॅकअप होता असं मी समजत होतो. बाहेरची डिस्क टेबलाखाली कायम जोडलेली, तिचा दिवाही लुकलुकायचा. उघडली तेव्हा कळलं की त्यात शेवटची फाइल आदल्या हंगामाची. मधल्या काळात मी फोल्डरचं नाव बदललं होतं आणि बॅकअपचा प्रोग्राम जुन्याच नावाच्या शोधात रोज अपयशी होत राहिला. त्यानं तशी नोंद केली होती. ती मी कधी उघडली नव्हती.

लॉगरचे आकडे वाचले, कारण ते लॅपटॉपवरही होते. इंजिनाचे फेरे, दाब, तापमान, घसरण, सगळं शेवटच्या धावेपर्यंत शाबूत आहे. गेलं ते आबांचं बोलणं, शेवटच्या हंगामातलं सगळं. वजन का हलवलं, हे त्यात होतं. माझ्या आकड्यांत ते नाही.

आणि मग चौथी चूक. आबांच्या मुलीला मी हे लगेच सांगितलं नाही. तिचा निरोप आला की काम चालू आहे, थोडा वेळ दे, असं उत्तर देत राहिलो. तिला वाटत होतं की मी एकेक आवाज साफ करतोय. शेवटी तिच्या घरी गेलो आणि दारातच सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, आदल्या वर्षीचं आहे ते तरी दे. आणि पुढे म्हणाली, पुसलं गेलं त्याचं वाईट वाटलंच, पण मला इतके दिवस वाट बघायला लावलीस ते जास्त लागलं. मी माफी मागितली. तिनं ‘काही हरकत नाही’ असं म्हटलं नाही, आणि ते योग्यच होतं.

आदल्या हंगामाची रेकॉर्डिंग आम्ही संघातल्या सगळ्यांनी वर्कशॉपमध्ये बसून ऐकली. एकीत आबा म्हणतात, वाटेवर पाणी मारलंय ते वरवरचं आहे, खाली कोरडं आहे, हवा थोडी वाढव. हे त्यांना वरून कसं कळलं, ते त्यात नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्यानं कधीतरी विचारलं असेल. माझ्याकडे तर फोन चालू असायचा, समोर तेच बसलेले असायचे, आणि मी पुढचा प्रश्न कधी विचारला नाही.

यंदा ट्रॅक्टर पुन्हा बाहेर काढलाय. वजनं लावायचं काम संघानं माझ्याकडे दिलं नाही. ते एका तरुण शेतकऱ्याकडे आहे, जो स्वतः मातीत हात घालतो. मी लॉगर बघतो, आणि प्रत्येक धावेनंतर त्यानं काय बदललं आणि का, हे वहीत शाईनं लिहितो. तीच पानं त्याच रात्री त्यालाही पाठवतो. अंतर अजून आबांच्या वेळेइतकं येत नाही.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच. विंडोज नव्यानं टाकणार असाल तर जी डिस्क पुसायची नाही तिची वायर आधी काढा, एम.2 असेल तर स्क्रू सोडवून ती मशीनच्या बाहेर ठेवा. बॅकअपचा दिवा लागतो यावर जाऊ नका, त्यातली अलीकडची एक फाइल उघडून पाहा. आणि घामाघूम झालेला कुणी माणूस जबडा किंवा हात दुखतोय म्हणाला तर त्याला एकट्याला घरी पाठवू नका. भारतात 108 किंवा 112 लावा, अमेरिकेत 911, आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.