मोहोर खुडणारे हात

देवगड आणि मालवण यांच्या मधल्या किनाऱ्यावर मिठबाव हे गाव आहे. समुद्राच्या काठी गजबादेवीचे देऊळ, सखल भागात माडांच्या राया, आणि वर चढून गेले की वरून काळवंडलेल्या जांभ्या दगडाचा सडा. वैशाखात या कातळावर अनवाणी पाऊल ठरत नाही. अशा ठिकाणी हापूस आंब्याची बाग उभी राहील, हे परक्या माणसाला सांगून पटावयाचे नाही. परंतु इकडच्या कित्येक कुटुंबांनी आपली पुंजी याच कातळात घातलेली आहे.

पहारीने किंवा सुरुंगाने कातळात खड्डा पाडावयाचा, माती वाहून आणून तो भरावयाचा आणि पावसाच्या तोंडाला त्यात हातभर कलम लावावयाचे. गुरे शिरू नयेत म्हणून भोवती दगडांचा गडगा घालावयाचा. पुढचे काही उन्हाळे घागरी वाहून प्रत्येक कलमाला पाणी घालावयाचे. ही मेहनत कठीण खरी. तथापि अधिक कठीण गोष्ट यानंतर येते.

कलम हे जाणत्या झाडाच्या काडीपासून बांधलेले असल्यामुळे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच मोहोर येऊ लागतो. समजदार बागायतदार तो मोहोर खुडून टाकतो. "आजये, ह्यो मोहर कित्याक खुडतंस?" असे नातवंड विचारते, आणि म्हातारी एवढेच म्हणते, "झाड अजून लहान आसा." कोवळ्या वयात फळे धरली, तर झाडाचे बळ फळांत जाते आणि फांद्यांचा विस्तार खुंटतो. पाचव्या-सहाव्या वर्षी थोडी फळे घ्यावीत. झाड भरात यावयास बारा-पंधरा वर्षे लागतात. त्यानंतर मात्र ते पिढ्यांना पुरते.

पैशाची गोष्ट याहून फारशी वेगळी नाही. टपाल खात्याची बचत बँक १८८२ साली सुरू झाली. मुंबईस चाकरीला गेलेल्या माणसाची मनीऑर्डर ज्या खिडकीवर घरी पोचे, तिथेच चार रुपये शिल्लक टाकण्याची सोय झाली. समजा, शंभर रुपये शेकडा आठ दराने चक्रवाढ व्याजाने ठेवले. नऊ वर्षांनी त्यांचे सुमारे दोनशे होतात, अठरा वर्षांनी चारशे, सत्तावीस वर्षांनी आठशे आणि छत्तीस वर्षांनी सोळाशे. पहिल्या नऊ वर्षांत अवघी शंभराची वाढ. शेवटच्या नऊ वर्षांत आठशेंची! जो पहिले व्याज पाहून हरखतो आणि ते सणावारी खर्चून टाकतो, त्याला ही शेवटची नऊ वर्षे कधी भेटतच नाहीत. १९६८ साली सरकारने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी सुरू केला, तेव्हा त्याची मुदत पंधरा वर्षांची ठेवली. कलम भरात यावयासही जवळजवळ तेवढाच काळ लागतो!

अर्थात घरात आजारी माणूस असता मोहोर खुडण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे होय. शिवाय संयम केला म्हणजे फळ हटकून मिळते, असेही नाही. हापूस एका वर्षी लगडतो आणि दुसऱ्या वर्षी रुसतो. ऐन मोहोरात मळभ आले, तुडतुडे पडले, की सारे कष्ट मातीस मिळतात. व्याजाचे दर उतरतात, महागाई शिल्लक कुरतडते. म्हणूनच कोकणातला शहाणा माणूस आंब्याबरोबर माड लावतो, रातांबा राखतो आणि भाताचा तुकडाही पडीक टाकत नाही.

याउलट, काही वर्षांच्या कराराने बाग घेणाऱ्याची दृष्टी पाहावी. दरवर्षी मोहोर यावा म्हणून पॅक्लोब्युट्राझोल नावाचे औषध झाडाच्या बुंध्याशी घालतात. प्रमाणात घालून झाडाला खतही दिले, तर त्याचा उपयोग होतो. पण करार सरण्याआधी सारे वसूल करावयाचे असले, की प्रमाण राहत नाही, आणि थकलेले झाड अखेर मालकाच्या पदरी येते.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. महिने लोटले, पगार बंद झाले, आणि कोकणातले कितीतरी चाकरमानी वळकटी घेऊन गावी परतले. कित्येक घरांत मनीऑर्डरीखेरीज दुसरा आधार नव्हता. पण ज्या घरी पंधरा वर्षांपूर्वी कुणा बाईने नवऱ्याच्या मनीऑर्डरीतून कलमे लावून घेतली होती आणि मुलांची हळहळ सोसून पहिला मोहोर खुडला होता, तिथे पडवीत गवत अंथरलेले होते, आणि परतलेला गडी खाली बसून आंब्याच्या पेट्या भरावयास लागला होता.