आपण कुठं हसलो?

‘कोर्ट’ सिनेमात मध्येच एक नाटक येतं. सरकारी वकील नूतन सुट्टीच्या दिवशी नवऱ्याला आणि मुलांना घेऊन बाहेर पडते आणि सगळे मिळून एक मराठी नाटक बघतात. रंगमंचावर परप्रांतीय माणसाची यथेच्छ टिंगल चालते, शेवटी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो. प्रेक्षक खूश. हसणं, टाळ्या. कॅमेरा नुसता बघत राहतो. हीच नूतन कोर्टात उभी राहून एका म्हाताऱ्या शाहिराला आत ठेवण्यासाठी कायद्याची कलमं एका सुरात वाचत असते, हे आपल्याला तोवर माहीत झालेलं असतं.

चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला सिनेमा. 2014 साली व्हेनिसला दोन बक्षिसं मिळाली, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि एप्रिल 2015मध्ये तो थिएटरला लागला. गोष्ट एवढीच: मुंबईत गटारात उतरणारा एक कामगार मरतो. पोलीस म्हणतात, नारायण कांबळे या शाहिराचं गाणं ऐकून त्यानं आत्महत्या केली. मग तारखा सुरू होतात.

आम्ही ढोकीकर. सिनेमा बघायचा तर लातूर नाहीतर बार्शी गाठायची. ‘कोर्ट’ त्यावेळी आमच्या बाजूला कुठं लागल्याचं मला तरी आठवत नाही. मी तो पुण्यात, खोलीवर, लॅपटॉपवर एकट्यानं पाहिला होता. मागच्या मे महिन्यात गावी मामाच्या घरी लॅपटॉप टीव्हीला जोडला आणि सगळ्यांना दाखवला. सिनेमा मला पाठ होता. मला बघायचं होतं ते बघणाऱ्यांकडं.

दहा-बारा माणसं होती. मामा, मामी, चाकणला कंपनीत असणारा मामेभाऊ, कॉलेजला जाणारी त्याची बहीण, शेजारची दोन-तीन पोरं. आणि वस्तीतले एक काका. गावात कुणाची संडासाची टाकी भरली की त्यांनाच बोलावणं जातं. सतरंजीवर भरपूर जागा होती, पण ते उंबऱ्याला टेकून बसले. मामा दोनदा म्हणाला, “आत या की.” ते म्हणाले, “हितं वारं लागतंय.”

पहिली दाद मामानं दिली. त्याचा बांधाचा दावा अकरा वर्षं चालू आहे. पडद्यावर वकील इंग्रजीतून वाचायला लागली, पोरं कंटाळली, तर मामा म्हणाला, “बराबर दाखवलंय. विंग्रजी सुरू झालं की आपण भाईर चहाला जायचं आसतं.” पोलिसांचा साक्षीदार आला. हाच माणूस आधीच्या केसमध्येही साक्षीदार होता, हे बचावाचा वकील दाखवून देतो, तेव्हा मामानं मांडीवर थाप मारली. पुण्यातल्या माझ्या मित्रांना सिनेमाचा हा भाग संथ वाटला होता. मामाला तो संथ वाटला नाही. त्याच्यासाठी ती ओळखीची गर्दी होती.

बिनबाह्यांचे कपडे घालून आलेल्या बाईची केस न्यायाधीश पुढं ढकलतात, तिथं पोरं खिदळली. मामेबहीण हसली नाही. “आमच्या कॉलेजात बी आसंच हाय. ओढणी नसली की गेटवरूनच माघारी,” एवढंच म्हणाली आणि मोबाइल बघत बसली.

मग ते नाटक आलं. आणि आमची खोली त्या नाटकाच्या प्रेक्षकांबरोबर हसली. अगदी त्याच जागांवर हसली. विनोद जमलेला होता हेही खरंच. नाटक संपल्यावर मामेभाऊ हळूच म्हणाला, “तिकडं चाकणला आपल्यावर आसंच हसत्यात राव.”

हे मला माहीत होतं. पुण्यात ‘लै’ म्हटलं की वर्ग हसायचा. खोली बघायला गेलं की आधी विचारायचे, “मराठवाड्याचे का?” मग आडनाव. आडनावावर चेहरा जरा सैल व्हायचा किंवा आवळायचा. ढोकीचा साखर कारखाना कित्येक वर्षं बंद पडला, तेव्हा गावातली बरीच पोरं पुण्याकडं गेली. तिथं ती परप्रांतीय नव्हती, पण ‘बाहेरची’ होतीच. त्याच पोरांच्या खोलीत त्या नाटकावर हशा पिकला होता.

‘फँड्री’ 2014 साली आला, तेव्हाही हेच झालं होतं. जब्याचं कुटुंब डुकरामागं धावतं आणि गाव कठड्यावर बसून मॅच बघितल्यासारखं हसतं. थिएटरातही लोक हसायचे. शेवटी जब्या दगड मारतो तो सरळ कॅमेऱ्याच्या दिशेनं. नागराज मंजुळेनं प्रेक्षकाला पकडून ठेवलं आणि मग दगड हाणला. ताम्हाणे दगड मारत नाही. तो हसू देतो आणि पुढच्या दृश्याकडं जातो. त्यामुळं आपण पकडले गेलोय हे कळायला वेळ लागतो. काहींना कळतही नाही.

पुढं मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. उषा बाने यांनी ती भूमिका केली आहे. नवरा गटारात आधी दगड टाकून बघायचा, झुरळं वर आली तर आत हवा आहे असं समजून उतरायचा, हे ती अगदी सपाट आवाजात सांगते. खोलीत कुणी हललं नाही. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

“आमी झाकण काढून दिसभर ठेवतो. हिरीत कंदील सोडून बघत्यात, टाकीत तसं करायचं नाय. भडका उडतो.”

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. इतका वेळ ते तिथं बसले होते आणि आत्ता पहिल्यांदा खोलीतलं कुणीतरी त्यांच्याकडं तोंड करून बसलं. मी सिनेमा थांबवला. मामीनं विचारलं, “त्या बाईला पैसे मिळत्यात का पण?”

मामेबहिणीनं मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. माणसाला असं उतरवायला 2013च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं 2014मध्ये सांगितलं. 2023मध्ये ते तीस लाख केले.

“तीस लाख?” काका म्हणाले. “मेल्यावर ना?”

चहा आला. सगळ्यांना कागदी कपात. कागदी कप आले तेव्हापासून गावात वेगळ्या कपाचा विषयच निघत नाही. प्रश्न सुटला की झाकला गेला, ते कपाकडं बघून कळत नाही.

सिनेमाच्या शेवटी न्यायाधीश सहलीला जातात, बाकावर डुलकी घेतात, पोरं ओरडून उठवतात, एकाला थप्पड बसते. संपलं. शेजारचा पोरगा म्हणाला, “आरं, निकाल?” मामा म्हणाला, “कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागली की. निकाल कुठनं दाखवतील?” परत हशा. यावेळी काकाही हसले. नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार 2021च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले, हे मी सांगितलं. नागपूरचे होते, आयुष्यभर चळवळीत होते. मामी म्हणाली, “आगं बया, म्हंजी ते खरंच तसले व्हते?”

मला वाटलं होतं, गोष्ट तिथं संपली. पण पावसाळ्यात मामाची टाकी भरली. मामेबहिणीनं हट्टच धरला की माणूस उतरवायचा नाही. मशीनची गाडी बोलावली. मामी पैशावरून दोन दिवस कुरकुरली, पण गाडी आली, पाइप टाकला आणि तासाभरात काम उरकून गेली. एक सिनेमा बघून एका घरानं एवढं केलं, हे काही कमी नाही.

संध्याकाळी काका आले. गाडी आली होती हे त्यांना कळलं होतं. रागावले वगैरे नव्हते. ओट्याखाली उभे राहून म्हणाले, “बरं केलंत. दुसरं काय काम आसंल तर सांगा.”

सिनेमातली ती बाईही हेच म्हणते. वकील तिला पैशाची मदत देऊ करतो आणि ती काम मागते. त्या दृश्याला आमच्या खोलीत कुणीच काही बोललं नव्हतं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं आणि रडण्यासारखंही कुणाला काही दिसलं नाही. मामानं काकांना सांगितलं, “बघतो.” गावात ‘बघतो’ म्हणजे पुढची तारीख.