आम्ही ‘व्हॉइसलेस’ नाही

भिवंडीत एका संस्थेच्या शिबिरात मंचामागे बॅनर होता: ‘व्हॉइस ऑफ द व्हॉइसलेस’. माझ्या शेजारी यंत्रमाग कारखान्यात कांडी भरणाऱ्या एक मावशी बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय?” मी सांगितलं, “ज्यांना आवाज नाही, त्यांचा आवाज.” मावशी म्हणाल्या, “आवाज नाय? पाण्यासाठी तीनदा अर्ज दिला, सायबासमोर घसा फोडला. ऐकलं कुणी?” दिवसभरात माईक त्यांच्यापर्यंत आलाच नाही. समाजशास्त्राच्या एम.ए.ला हाच शब्द मी उत्तरपत्रिकेत अभिमानाने लिहायचो. त्या दिवशी लाज वाटली.

मित्रांनो, या शब्दाचं मूळ पाहा. ‘व्हॉइस’ आला लॅटिन ‘वॉक्स’वरून, आणि आपली ‘वाचा’ त्याच कुळातली. अष्टांगिक मार्गातल्या सम्यक वाचेतली वाचा तीच. ‘लेस’ म्हणजे विना. म्हणजे ‘व्हॉइसलेस’ माणूस वाचाहीन ठरतो. सगळी उणीव बोलणाऱ्याच्या माथी, आणि न ऐकणारा शब्दातून साफ गायब! त्यापेक्षा ‘अनहर्ड’ बरा. तो ऐकला की लगेच विचारता येतं: कोणी ऐकलं नाही?

मग बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे नाव का दिलं, असं कोणी विचारेल. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा आपला समाज काही बोलत नव्हता असं नाही. वर्षभर आधीच, १९१९ साली, बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांची बाजू मांडली होती. पण वृत्तपत्रं दुसऱ्यांच्या हातात होती. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही. हे मुकेपण लादलेलं होतं.

पुढच्या पत्राच्या नावात तर ते उघडच झालं. २० मार्च १९२७ ला महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ सुरू झालं. ‘मूक’ ही अवस्था आहे. ‘बहिष्कृत’ म्हणताच कोणीतरी केलेली कृती समोर येते. बहिष्कार घातला कोणी, हे विचारावंच लागतं.

आपणही कार्यकर्ते म्हणून ‘अन्यायाला वाचा फोडली’ असं सहज म्हणतो. वाचा मावशींकडे आहेच. आपलं काम वेगळं आहे: माईक आधी त्यांच्या हातात देणं, त्यांच्या अर्जाची पोच घेणं आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्यासोबत त्या टेबलासमोर उभं राहणं.

जय भीम!