पोऱ्या धाडस, दादा

मी साक्रीत कर सल्लागाराचं काम करतो. घराची पुढची खोली हेच माझं ऑफिस. गिऱ्हाइकं म्हणजे कांद्याचे व्यापारी, बी-बियाण्यांची दुकानं, हार्डवेअरवाले आणि पिंपळनेर-दहिवेलकडचे काही छोटे कंत्राटदार. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हापासून माझा महिना दोन तारखांवर चालतो. ११ ला विक्रीचा तपशील चढवायचा, २० ला कर भरून रिटर्न टाकायचं. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, व्यवहार शून्य असला तरी २०. पैसे व्यापाऱ्याचे जातात आणि बोलणी मला खावी लागतात. विसाव्या तारखेच्या दुपारी फोन यायचा, ‘भाऊ, मनं रिटर्न भराई गयं का?’ आणि नेमकं तेव्हाच नेट गेलेलं असायचं.

आमच्याकडे नेट केबलवाल्याचं होतं. टीव्हीची काळी केबल ज्या खांबांवरून गल्लीत आली, त्याच खांबांवरून, गच्च्यांच्या कठड्यांना गाठी मारत लॅनची वायर आली. ही वायर शंभर मीटरपर्यंत नीट चालते. त्यापुढे न्यायची तर मध्ये स्विच बसवावा लागतो आणि स्विचला वीज लागते. मग ज्याच्या जिन्यात प्लग मोकळा असेल त्याच्या घरी स्विच. त्याच्या घरची लाइट गेली की पुढच्या सगळ्यांचं नेट गेलं. पावसाळ्यात वीज कडाडली की एखादा पोर्ट जळायचा, आणि कोणाचा जळला हे दुसऱ्या दिवशी कळायचं.

एकदा आमच्या गल्लीतला स्विच ज्यांच्या जिन्यात होता, ते कुटुंब लग्नाला सुरतेच्या उधन्याला गेलं. खानदेशातल्या निम्म्या घरांचं कोणी ना कोणी सुरतेला असतंच, त्यामुळे असं जाणं नेहमीचं. गृहस्थ काटेकोर. जाताना मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून गेले. त्यांचं काय चुकलं? हळद, लग्न, पूजा सगळं उरकून ते परत येईपर्यंत आमची गल्ली नेटवाचून बसली. मी केबलवाल्याला फोन करत होतो आणि त्याचं अहिराणीत एकच उत्तर होतं, ‘पोऱ्या धाडस, दादा,’ म्हणजे पोरगा पाठवतो. पोऱ्या आला, बंद दाराकडे पाहिलं आणि गेला.

या पोऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही. शर्टाच्या खिशात क्रिम्पिंगची पक्कड, खांद्यावर वायरचं भेंडोळं, आणि सगळ्या गावाचं टीव्ही आणि नेट याच्या एकट्याच्या जिवावर. वसुलीही त्यानेच करायची. मी त्याला चहा पाजायचो.

प्लॅन आठ एमबीचा होता. पहाटे तो आठ मिळायचाही. संध्याकाळी मालिका आणि क्रिकेट सुरू झालं की स्पीड टेस्टचा काटा एकच्या आसपास लटकायचा. त्या काळी सरकारी व्याख्येत ५१२ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँडच होतं. ती मर्यादा २ एमबीपीएस झाली जानेवारी २०२३ मध्ये. म्हणजे कायद्याने पाहिलं तर मी रोज संध्याकाळीसुद्धा ब्रॉडबँडच वापरत होतो.

मला सगळ्यात जास्त लागायचं ते बिलाचं. इंटरनेटवर १८ टक्के जीएसटी आहे. मी दुसऱ्यांना बिलं सांभाळायला सांगणारा माणूस, आणि माझ्या स्वतःच्या हातात पिवळ्या कार्डावरची एक सही. बिल मागितलं की तो हसायचा, ‘बिल कसाले दादा, तुम्ही ते घरनाच शेतस.’ अडचण इथेच होती. माणूस खरंच घरचा. आमच्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभा होता. त्याच्याविरुद्ध कागदावर काही लिहायचं म्हणजे नातं तोडायचं. सगळी तक्रार तोंडी, सगळं आश्वासनही तोंडी, आणि महिनाअखेरीला पैसे मात्र पूर्ण.

मग फायबरवाले आले. एकाच कंपनीचे टी-शर्ट घातलेली दोन पोरं, शिडी, ड्रॉप वायरचा ड्रम आणि जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र. ते यंत्र बघायला मी काम सोडून उभा राहिलो. वायर सोलून आतली काच काढतात. ती केसाएवढी, १२५ मायक्रॉनची. स्पिरिटने पुसून तिचं टोक काटकोनात कापतात आणि समोरच्या टोकासमोर धरतात. यंत्राच्या छोट्या पडद्यावर दोन्ही टोकं जवळ येताना दिसतात, विजेची ठिणगी पडते आणि काच काचेला जोडली जाते. मग मीटर लावून उजेड किती पोचतो ते मोजलं. उणे १९ डीबीएम आला. ‘उणे २७ च्या खाली जायला नको,’ पोरगा म्हणाला. ‘राउटरवर लाल दिवा दिसला तर वायर कुठेतरी तुटली समजा.’

मला त्यातलं सगळ्यात पटलं ते वेगळंच. खांबावर जो स्प्लिटर बसवतात, तो एका काचेतला उजेड अनेक घरांत वाटतो आणि त्याला वीज लागत नाही. मध्ये कोणाचा जिना नाही, कोणाचा प्लग नाही. कंपनीच्या टोकाला वीज असली आणि माझ्या घरी इन्व्हर्टर असला की गल्लीत अंधार असताना माझं नेट चालू. आमच्या तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात, शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तरी दुपारी लाइट जायची ती जातेच.

वेगाचं कौतुक लवकर ओसरलं. शंभर एमबीची सवय आठवड्यात होते आणि मग तो वेग जाणवत नाही. शिवाय २० तारखेला सगळा देश जीएसटी पोर्टलच्या एकाच दारात उभा असतो, तिथे माझ्या घरची फायबर काय करणार? आधी ते पापही मी केबलवाल्याच्या खात्यावर लिहीत होतो.

पहिल्याच उन्हाळ्यात लाल दिवा लागला. महामार्गाच्या कडेला खोदकाम चाललेलं होतं, पोकलेनच्या दाताने जमिनीतली केबल उचलून वर आणली. खोदण्याआधी खाली काय आहे ते विचारता यावं म्हणून केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू केलं आहे. पोकलेनचा ड्रायव्हर ते उघडून बसला असेल असं मला वाटत नाही. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी हिंदीत म्हणाली, राउटर बंद करून चालू करा. केलं. मग गावाचं नाव विचारलं. मी साक्री म्हणालो, तिने सांगली ऐकलं. एक एक अक्षर सांगून ते दुरुस्त करून घेतलं. एवढं झाल्यावर मोबाइलवर तक्रार क्रमांक आला.

गावातल्या ओळखीने जे कधी मिळालं नव्हतं, ते त्या सांगलीवाल्या मुलीने दिलं. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यावाच लागतो, आणि निवारण झालं नाही तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. शिवाय फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगातही दाद मागता येते. मला तिथपर्यंत जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच डब्याएवढं यंत्र घेऊन माणसं महामार्गावर बसलेली दिसली आणि संध्याकाळी दिवा हिरवा झाला.

केबलवाला आता एका कंपनीची फायबर घेऊन गावात फिरतो. माझ्याकडेही आला होता. ‘दादा, आते आपली बी फायबर शे.’ मी विचारलं, बिल देशील? म्हणाला, ‘आते देनंच पडस.’

नवी जोडणी घेताना वेग किती आणि महिना किती, हे सगळेच विचारतात. तुम्ही तक्रार कुठे नोंदवायची, क्रमांक कसा मिळतो आणि जीएसटीचं बिल मिळेल का, हेही विचारा. क्रमांक देत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.