मधली सहा हजार वर्षं

मेक्सिकोतल्या वाहाका खोऱ्यात, मित्ला गावाजवळच्या कड्यात गिला नाकित्झ नावाची गुहा आहे. लहानशीच. पावसापाण्यात एखाद्या कुटुंबानं आडोसा घ्यावा एवढी. १९६६ साली पुरातत्त्वज्ञ केंट फ्लॅनरी यांनी तिथली माती उकरली, तेव्हा निघाली ती ओकच्या फळांची टरफलं, घायपाताचे चघळून थुंकलेले चोथे, हरणांची आणि सशांची हाडं. आणि भोपळ्याच्या काही बिया.

त्या बिया रानभोपळ्याच्या बियांहून मोठ्या होत्या. म्हणजे कुणीतरी त्या निवडून पेरल्या होत्या, सुमारे १०,००० वर्षांपूर्वी. रानभोपळ्याचा गर कडू. खायच्या त्या बियाच. त्यातल्या टपोऱ्या बिया पुढच्या पावसासाठी बाजूला ठेवणारा हात मला बाईचा वाटतो. पुरावा काही नाही, पण वाटतो खरा.

ही माणसं शेतकरी नव्हती. ओकची फळं पिकली की यायची, महिने-दोन महिने राहायची, शिकार करायची, निघून जायची. या खोऱ्यात कायमची गावं वसली ती आजपासून साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी. पहिलं पेरलेलं बी आणि पहिलं गाव यांच्यामध्ये सहा हजार वर्षं! शाळेच्या पुस्तकात ती एका वाक्यात संपायची: माणूस शेती करू लागला आणि स्थिर झाला. मला त्या ‘आणि’पाशी थांबावंसं वाटतं. दोनशेहून अधिक पिढ्या तिथं राहिल्या आहेत. त्यांनी पेरलंही, पारधही केली. त्यांचं जगणं अर्धवट नव्हतं. ते कशाची पूर्वतयारी म्हणून जगत नव्हते.

मका याच काळात घडला. त्याचा पूर्वज तेओसिंते हे एक रानगवत. कणसात फार तर डझनभर दाणे, तेही दगडासारख्या कवचात, आणि पिकले की गळून विखुरणारे. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी लोकांनी ते हाताशी धरलं. जे दाणे गळायचे ते मातीत जायचे; जे दांड्याला चिकटून राहायचे ते घरी यायचे आणि त्यांतलेच पुढं पेरले जायचे. गिला नाकित्झमध्ये सापडलेली बुरकुंडं ६,००० वर्षांहून जुनी आहेत, आणि तरीही बोटाहून मोठी नाहीत. ज्यानं सुरुवात केली त्याला आजचं कणीस कधी दिसलंच नाही. ही गोष्ट मला फार हलवून जाते. आज मक्याला आपलं बी आपण सांडता येत नाही. पाल्याच्या वेष्टणातून कुणीतरी ते सोडवावं लागतं. माणसाचा हात सुटला तर हे पीकच उरणार नाही.

नांगर ओढायला बैल नव्हता, लोखंड नव्हतं. टोकदार काठीनं भोक पाडायचं, दाणा टाकायचा. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढवायचा, खाली भोपळा पसरू द्यायचा. घेवडा जमिनीला नत्र देई, भोपळ्याची पानं ओल धरून ठेवत. पुढं त्यांनी मका चुन्याच्या पाण्यात शिजवायला घेतला. त्यानं दाणा सोलला जातो आणि त्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपनं मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणारे तिथले गरीब नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रानं आजारी पडले.

एवढं सगळं जमल्यावर मग इसवी सनापूर्वी ५००च्या सुमारास झापोतेक लोकांनी डोंगरमाथा सपाट करून मोन्ते अल्बान वसवलं. चौक, मंदिरं, दगडात कोरलेली लिपी. पर्यटक तेच पाहायला जातात, आणि ते पाहण्यासारखं आहेच. पण संस्कृतीची सुरुवात मोजायची तर मी त्या मंदिरांच्या पायऱ्यांपासून मोजणार नाही.

मका पुढं समुद्र ओलांडून आपल्याकडंही आला. सातपुड्यातल्या आदिवासी घरांत त्याची भाकरी होते. आणि वाहाकात झापोतेक शेतकरी आजही मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावतात, आणि सुगीनंतर चांगली कणसं बियाण्यासाठी वेगळी काढतात. निवड अजून चालू आहे.